‘प्राचीन’ शब्दाचें लक्षण आणि रडार-केंद्रांचे अवशेष : एक परीक्षण

(१)

काशीदच्या पुळणीपासून किनाऱ्यानें उत्तरेस गेलें तर रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशीं कोर्लईचा किल्ला लागतो. दक्षिणेस गेलें तर मुरूडचा जंजिरा व त्याच्या वायव्येस पद्मदुर्ग दृष्टीस पडतो. कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनीं १५९४ सालीं निजामशाहीकडून जिंकला आणि १७४० सालच्या तहानें तो मराठ्यांकडे आला. जंजिरा सिद्दीनें अखेरपर्यंत राखला. आणि त्या जंजिऱ्यास शह बसावा म्हणून शिवछत्रपतींनीं पद्मदुर्ग उभारला. या तिन्ही स्थळांचे धनी निराळे, बांधणी निराळी. परंतु त्यांच्या प्रयोजनांत एक अंश समान आहे : समुद्रावरून येणारा शत्रु येऊन ठेपण्यापूर्वींच दृष्टीस पडावा. या तिहींस ऐतिहासिक म्हणण्यास आमच्या वाचकांपैकीं कोणीहि कचरणार नाहीं.

विसाव्या शतकांत हेंच प्रयोजन एका निराळ्या साधनानें साधलें. त्या साधनाचें नांव रडार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, म्हणजे १९३९ ते १९४५ या वर्षांत, जगांतील कित्येक किनाऱ्यांवर, आणि त्यांत हिंदुस्थानच्याहि किनाऱ्यांवर, रडार-केंद्रें उभीं राहिलीं व युद्ध संपल्यावर त्यांतील बहुतेक मोडलीं. अशा केंद्रामागें राहतात ते काँक्रीटचे चौथरे, मनोऱ्यांच्या पायांचे ठोकळे, यंत्रांच्या खोल्यांच्या भिंती आणि थोडेबहुत कागद. या अवशेषांस आपल्या अभ्यासांत स्थान द्यावें कीं नाहीं, असा प्रश्न केला असतां संशोधकांकडून बहुधा एकच उत्तर मिळतें : ‘हें कालपरवांचें; यांत प्राचीन तें काय?’

हें उत्तर वरवर पाहतां सरळ दिसतें. परंतु त्यांत ‘प्राचीन’ या शब्दाचें एक लक्षण गृहीत धरलेलें आहे, आणि तें लक्षण आपल्या कायद्यानेंहि स्वीकारलें आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत परीक्षण करावयाचें तें एखाद्या ग्रंथाचें नसून या लक्षणाचें आहे.

(२)

प्रथम लक्षणाचा पाठ पाहूं. १९०४ सालच्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्यांत स्मारकाची व्याख्या करितांना ऐतिहासिक, पुरातत्त्वीय अथवा कलाविषयक महत्त्व एवढीच कसोटी सांगितली होती. वर्षांची संख्या घातलेली नव्हती. स्वातंत्र्यानंतर केंद्राचा १९५८ सालचा कायदा झाला, त्यांत या कसोटीस दुसरी जोडली आहे : ती वास्तु किमान १०० वर्षें अस्तित्वांत असली पाहिजे. पुढें १९७२ सालीं पुरावस्तु व कलानिधि यांविषयींचा कायदा झाला. तो जंगम वस्तूंचा आहे. त्यांतहि सामान्य मर्यादा १०० वर्षांचीच आहे. परंतु हस्तलिखित, दप्तर किंवा अन्य दस्तऐवज शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन अथवा सौंदर्यविषयक मोलाचा असेल तर त्यास ७५ वर्षें पुरतात.

आतां हीं दोन्ही लक्षणें एकाच रडार-केंद्रास लावून पाहावीं. समजा, एका केंद्राची भिंत १९४३ सालीं बांधली आणि त्याच वर्षीं त्या भिंतीच्या आंत बसून एका शिपायानें पहाऱ्याची नोंदवही लिहिली. ती वही महत्त्वाची ठरल्यास २०१८ सालींच कायद्यानें पुरावस्तु झाली. ती खासगी इसमास देशाबाहेर नेतां येत नाहीं. परंतु जिच्या आडोशास ती लिहिली ती भिंत २०४३ सालापर्यंत १९५८ च्या कायद्याच्या दाराशींहि येऊं शकत नाहीं. वही व भिंत एका वयाच्या, एका कार्याच्या, एकमेकींच्या साक्षी. आणि तरीहि एक प्राचीन व दुसरी अर्वाचीन! युद्धाचें शेवटचें वर्ष १९४५ धरिलें, तर त्या युद्धांतील झाडून सारे कागद २०२० सालींच ही ७५ वर्षांची मर्यादा ओलांडून गेले आहेत. भिंतींची मात्र अद्याप पाळी यावयाची आहे.

(३)

ज्या वस्तूविषयीं हा वाद आहे, तिचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण आमच्या वाचकांचा परिचय तोफा-बुरुजांशीं अधिक, लहरींशीं कमी.

रेडिओची लहर विमानावर आदळून परत फिरते, आणि ती परत येण्यास लागलेल्या कालावरून विमानाचें अंतर काढतां येतें, हें या विद्येचें बीज. इंग्लंडांत डॅव्हेंट्रीजवळ २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं वॉटसन-वॉट व विल्किन्स यांनीं बी.बी.सी.च्या प्रक्षेपकाच्या लहरींचा उपयोग करून हेफर्ड जातीचें एक विमान सुमारे ८ मैलांवरून ओळखून दाखविलें. दोनच वर्षांनीं, १९३७ सालीं, बॉड्सी येथील केंद्र हवाईदलाच्या स्वाधीन झालें आणि ‘चेन होम’ या नांवाची साखळी किनाऱ्यावर वाढत गेली. तिच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्रांत लहरी सोडणारे पोलादी मनोरे ३६० फूट व परतलेल्या लहरी घेणारे लांकडी मनोरे २४० फूट उंचीचे असत. या साखळीस उंचावरील विमानें दिसत, पाण्यालगत उडणारीं निसटत. म्हणून दीड मीटर लहरीचें, फिरत्या तारजाळाचें दुसरें यंत्र तिच्या जोडीस आलें. साम्राज्याच्या इतर भागांत याच जातीचीं वाहून नेतां येण्याजोगीं यंत्रें, तसेंच मोटारगाड्यांवर बसविलेलीं फिरतीं यंत्रें धाडण्यांत आलीं.

आमच्या बाजूस त्यांची निकड १९४२ च्या एप्रिलांत कळून आली. ५ एप्रिल रोजीं जपानी विमानें कोलंबोवर आलीं तेव्हां आगाऊ सूचना मिळाली नाहीं आणि लढाऊ विमानें जमिनीवरच गांठलीं गेलीं. ६ एप्रिल रोजीं विशाखापट्टण व काकिनाडा यांवर बाँब पडले. ९ एप्रिल रोजीं त्रिंकोमालीवर हल्ला झाला, तेथें मात्र रडारानें आधीं वर्दी दिली व लढाऊ विमानें वेळेवर आकाशांत गेलीं. चार दिवसांच्या अंतरानें घडलेल्या या दोन घटना शेजारी शेजारी ठेविल्या म्हणजे या साधनाचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां जागेची निवड. समुद्रसपाटीपासून १०० मीटर उंचीवर उभें राहिलें असतां डोळ्यास क्षितिज सुमारें ३६ किलोमीटरांवर दिसतें. रेडिओलहर पृथ्वीच्या गोलाईस अनुसरून किंचित् वांकते, म्हणून रडाराचें क्षितिज त्याच जागेवरून सुमारें ४१ किलोमीटर असतें. आणि विमान ३,००० मीटर उंचीवर असेल तर तें गणितानें सुमारें २६५ किलोमीटरांवरूनहि नजरेच्या टप्प्यांत येतें. समुद्रांत घुसलेला डोंगर आणि समोर मोकळें पाणी, हीच दोघांचीहि मागणी. कोर्लईच्या डोंगरावर पोर्तुगीजांचा डोळा कां होता, आणि रडार बसविणारा अधिकारी नकाशावर काय शोधतो, या दोन प्रश्नांचें उत्तर बव्हंशीं एकच आहे. ज्यास किल्ल्यांचा अभ्यास करावयाचा आहे त्यास रडार-केंद्र परकें वाटण्याचें कारण नाहीं.

(४)

शास्त्रकारांनीं लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ति, अतिव्याप्ति व असंभव. १९५८ च्या लक्षणांत असंभव नाहीं, हें उघड आहे. शेंकडों स्मारकें त्यांत बसतात. अतिव्याप्तीहि नाहीं, कारण ‘महत्त्व’ हा पहिला अवयव असल्यामुळें केवळ जुनी म्हणून एखादी पडवी स्मारक होत नाहीं. राहिली अव्याप्ति, आणि हा दोष मात्र स्पष्ट आहे. जें इतिहासाचें साधन आहे, परंतु ज्याचें वय ९९ वर्षें आहे, तें या लक्षणाबाहेर राहतें. म्हणजे वस्तूस स्मारकपण येतें तें तिच्या महत्त्वानें. वय हा केवळ बाहेरून चिकटलेला उपाधि होय. उपाधीसच लक्षण मानिलें म्हणजे असा घोंटाळा होतो.

हा दोष आमच्या घरींच दाखवितां येतो. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना पुण्यांत १९१० सालीं झाली. पेशवाईचा अंत १८१८ सालचा. म्हणजे मंडळ स्थापन झालें तेव्हां त्यास ९२ वर्षें झालीं होतीं. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालीं छापला, तेव्हां तर ८० च. त्या पिढीनें १०० वर्षांचा दंडक पाळला असता, तर दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीचीं अखेरचीं वर्षें दप्तरासुद्धां अभ्यासाबाहेर राहिलीं असतीं. कुलाब्याचें आंग्र्यांचें राज्य १८४० सालीं खालसा झालें, आणि कुलाबा व जंजिरा यांचें इंग्रजी गॅझेटियर १८८३ सालीं निघालें. अवघ्या ४३ वर्षांपूर्वींचा इतिहास त्यांत येऊं शकला आणि आज आम्ही त्या गॅझेटियरास प्रमाण मानतों. युद्ध संपून आतां ८० वर्षें उलटलीं आहेत. म्हणजे पहिला खंड छापतांना राजवाडे पेशवाईच्या अंतापासून जितके दूर होते, तितके तरी आम्ही या युद्धापासून दूर आहोंच.

दुसरें उदाहरण मुंबईचें. चर्चगेटसमोरील इरॉस चित्रपटगृह १९३८ सालीं उघडलें. तें बॉड्सीच्या केंद्राहून एका वर्षानें लहान. त्या परिसरांतील व मरीन ड्राइव्हवरील त्या काळच्या इमारती, त्याच काँक्रीटच्या, २०१८ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत दाखल झाल्या. शंभरी भरली नाहीं म्हणून तेथें कोणाचें अडलें नाहीं. कारण मुंबई शहरास १९९५ पासून वारसा-वास्तूंचे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांत वयाचा आंकडा हें प्रवेशद्वार नाहीं. शहरांतील नाट्यगृहास मिळालेला हा न्याय ओसाड किनाऱ्यावरील चौथऱ्यास मिळत नाहीं, याचें कारण त्याचें वय नसून त्याचें रूप आहे. तो सुंदर नाहीं, एवढेंच.

तिसरी गोष्ट द्रव्याची. जंजिऱ्याची तटबंदी दगडाची आहे. तिनें समुद्राच्या लाटा शतकानुशतकें सोसल्या. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची गोष्ट निराळी. खाऱ्या हवेंतील क्षार त्यांत हळूहळू झिरपतो, सळईस गंज चढतो, गंजलेलें लोखंड मूळच्याहून अधिक जागा व्यापतें, आणि काँक्रीट आंतून फुटून त्याचे पापुद्रे गळूं लागतात. युद्धाच्या घाईंत, मिळेल त्या वाळूनें व खडीनें उभारलेल्या बांधकामास हें लवकर ग्रासतें. ज्या वस्तूचें आयुष्यच शंभर वर्षांच्या आंतबाहेरचें, तिला ‘शंभर वर्षें जगून दाखव, मग तुझी दखल घेऊं’ असें सांगणें म्हणजे तिची दखल न घेण्याचाच ठराव करणें होय.

(५)

यावर पूर्वपक्ष असा कीं, मर्यादा नसेल तर सरकारनें राखावयाचें तरी किती? प्रत्येक छावणीची प्रत्येक खोली स्मारक म्हणून पुढें येईल. शिवाय जवळच्या काळाविषयीं रागलोभ ताजे असतात. निर्णय निर्विकार होत नाहीं. आणि काँक्रीटचा एक ठोकळा दुसऱ्यासारखाच. एक पाहिला म्हणजे सर्व पाहिले.

यांतील पहिला आक्षेप आम्हांस मान्य आहे, परंतु तो संरक्षणापुरता. राखणें निराळें आणि नोंदणें निराळें. सर्व राखतां येत नाहीं, म्हणूनच सर्व नोंदलें पाहिजे. नोंदीवांचून निवड कशांतून करणार? ब्रिटनमध्यें १९९५ पासून कांहीं वर्षें हौशी अभ्यासकांच्या साहाय्यानें विसाव्या शतकांतील लष्करी अवशेषांची पाहणी झाली व सुमारें २०,००० स्थळें नोंदलीं गेलीं. तेथें तीस वर्षांहून जुनी इमारत संरक्षणाच्या यादींत येऊं शकते. दुसऱ्या बाजूनें कॉलिन डॉबिन्सन यांनीं सरकारी दप्तरें वाचून कोणतें केंद्र कोठें व केव्हां होतें हें प्रथम ठरविलें. त्यांचा रडार-साखळीवरील ग्रंथ २०१० सालीं प्रसिद्ध झाला. अगोदर कागद, मग जागा, मग निवड, असा हा क्रम आहे. त्या निवडींतून स्टेनिगॉटचा मनोरा राहिला, आणि बॉड्सी येथें शेवटचा मनोरा २००० सालीं पाडला गेला तरी प्रक्षेपकाची इमारत दुरुस्त होऊन २०१८ सालीं लोकांस खुली झाली.

रागलोभाचा आक्षेप आम्हांस उलट दिशेनें पटतो. रागलोभ जिवंत आहेत तोंवर साक्षीदारहि जिवंत असतात. ते गेल्यावर निर्विकार होण्यास आम्ही मोकळे, परंतु विचारावयाचें कोणास?

आणि ठोकळे सारखे दिसतात, हा दोष पाहणाऱ्याचा. मोडी न येणाऱ्यास सर्व मोडी कागद सारखेच दिसतात. ठोकळ्यांची संख्या, त्यांतील परस्पर अंतर, त्यांत रुतलेल्या खिळ्यांची मांडणी, यंत्रखोलीचें तोंड कोणीकडे, स्फोटापासून आडोसा देणारी भिंत कोठें, यांवरून मनोरा स्थिर होता कीं तारजाळ फिरतें होतें, याचा अंदाज बांधतां येतो. ही एक प्रकारची लिपीच होय.

(६)

आतां हस्तलिखितांच्या व कागदांच्या संग्राहकांस उद्देशून दोन शब्द. कारण या विषयांतील पाठचिकित्सा त्यांच्याच हातीं आहे.

पहिली अडचण नांवाची. रडार हा शब्द अमेरिकन नौदलानें १९४० सालीं प्रचारांत आणिला. इंग्रजांचा त्या काळचा शब्द ‘आर. डी. एफ.’ असा होता व तो मुद्दाम असा घेतला होता कीं, ऐकणाऱ्यास तें साधें दिशाशोधक यंत्र वाटावें. हवाईदलाच्या अशा केंद्रांस ‘एअर मिनिस्ट्री एक्स्पेरिमेंटल स्टेशन’ म्हणत, आणि कागदोपत्रीं ‘ए. एम. ई. एस.’ व पुढें एक क्रमांक. अर्थात् अस्सल कागदावर ‘रडार’ हें अक्षर मुळींच नसूं शकतें. जो संग्राहक तो शब्द शोधीत बसेल तो खरा कागद बाजूस टाकील. आणि ज्या कागदावर १९३९ सालची मिती असून ‘रडार’ हा शब्द आहे, तो मागाहून लिहिला असल्याचा संशय त्यास यावयास पाहिजे. या केंद्रांच्या दैनंदिन नोंदवह्या ‘ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक’ या नांवानें लंडनजवळ क्यू येथील अभिलेखागारांत पाहावयास मिळतात. तेथेंहि हेंच सांकेतिक नांव हातीं धरून जावें लागतें.

दुसरी अडचण अभावाची. फिरतें यंत्र गाडीवर येई आणि गाडीवर जाई. मागें कदाचित् एक सपाट केलेली जागा राही. म्हणून ‘अवशेष नाहींत, सबब केंद्र नव्हतें’ हें अनुमान टिकत नाहीं. मीमांसकांचें म्हणणें येथें अक्षरशः लागू पडतें : जी वस्तु असती तर दिसलीच असती, तिचीच अनुपलब्धि अभावाचें प्रमाण होते. पोलादी मनोऱ्याच्या केंद्राविषयीं हें प्रमाण चालेल. गाडीवरच्या केंद्राविषयीं चालणार नाहीं. आणि याच्या उलट, कोंकणच्या किनाऱ्यावर काँक्रीटचा चौथरा दाखवून कोणी ‘हें रडार होतें’ असें म्हणेल, तर तेंहि तसेंच सोडून देऊं नये. तोफेचा चौथरा, पहाऱ्याची चौकी, दीपाचा पाया, हे सर्व काँक्रीटचेच असूं शकतात. कागद व जागा यांचा मेळ बसेपर्यंत नांव देण्याची घाई नको.

तिसरी गोष्ट दप्तरांच्या स्थळाची. काशीदचा टापू युद्धकाळीं जंजिरा संस्थानांत होता. तें संस्थान १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत विलीन झालें आणि सभोंवारच्या कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ पासून रायगड झालें. संस्थानी मुलखांत लष्करास जागा, मजूर किंवा वाट हवी असल्यास दरबाराशीं लिहिणें आलेंच. म्हणून अशा किनाऱ्याचा शोध केवळ लष्करी कागदांत संपत नाहीं. संस्थानाचा पत्रव्यवहार, गांवकामगारांचीं दप्तरें, मजुरांच्या हजेऱ्या, खलाशांच्या घरचे परवाने, हीं सर्व साधनें आहेत. त्यांत उर्दूहि असेल, इंग्रजी टंकलेखनहि असेल.

येथें आमचा एक अपराध सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका जुन्या घरांतून आम्हीं कागदांचें एक गांठोडें आणिलें. वर मोडी पत्रें, खालीं युद्धकाळचे टंकलिखित इंग्रजी कागद व छापील नमुने. मोडी पत्रें आम्हीं जपून ठेविलीं, त्यांच्या नकला केल्या. तीं साध्या देण्याघेण्याचीं निघालीं. खालचे कागद न वाचतांच रद्दींत दिले. त्यांत काय होतें हें कळण्याचा मार्ग आम्हींच आमच्या हातानें बंद केला. तेव्हां कोणी विचारिलें असतें तर ‘हें कालपरवांचें’ असेंच उत्तर आम्हींहि दिलें असतें. या लेखांत ज्या लक्षणावर टीका केली आहे, तें आयुष्यभर आमचेंच लक्षण होतें.

(७)

तात्पर्य, १०० वर्षांची मर्यादा ही सरकारच्या सोयीची मर्यादा आहे; ती अभ्यासाची मर्यादा समजूं नये. कायदा बदलेल तेव्हां बदलेल. संशोधकांस त्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. किनाऱ्यावर फिरतांना असा चौथरा दिसल्यास मोजमाप घ्यावें, दिशा टिपावी, छायाचित्र काढावें, आसपासच्या वृद्धांचें सांगणें तारखेसह लिहून ठेवावें आणि तें सांगणें म्हणजे सांगणें, निर्णय नव्हे, असें त्याखालीं नमूद करावें. १९३९ ते १९४५ चे कागद हातीं आल्यास ते मोडी कागदांच्याच काळजीनें ठेवावे. काशीदसारख्या किनाऱ्यावर आतां पर्यटकांची गर्दी आहे आणि किनाऱ्याची जमीन मोलाची झाली आहे. जें नोंदलेलें नाहीं तें पाडलें गेल्याची तक्रारहि मागाहून करितां येणार नाहीं.

२००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर आपल्या किनाऱ्यावर, पुष्कळ ठिकाणीं दीपगृहांच्या आश्रयानें, रडारांची नवी साखळी बसविण्यांत आली. कोर्लईच्या बुरुजावरील पहारेकऱ्याचें कामच ती करीत आहे. तीहि एक दिवस जुनी होईल, मोडेल, आणि तिचे चौथरे राहतील. त्या वेळच्या संशोधकानें मागें वळून पाहिलें तर दुर्गांच्या आणि त्याच्या काळाच्या मधला दुवा त्यास सांपडावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. इत्यलम्.